गौरव विद्यार्थी-खेळाडूंचा, विवेक अस्थितपासण्यांचा

(रुग्णालयाच्या वतीने आयोजित विद्यार्थी-खेळाडू गुणगौरव समारंभात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज दोन शब्द बोलण्याची जबाबदारी विश्वस्त मंडळाने माझ्यावर सोपवली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे शास्त्र हिशेबाचे, हाडांचे नव्हे. तथापि नोंदणीच्या खिडकीपासून देयकाच्या खिडकीपर्यंत रुग्ण आणि त्याचे नातेवाईक ज्या वाटेने जातात, ती वाट माझ्या रोजच्या पाहण्यातील आहे. त्या वाटेवर अलीकडे शाळेच्या गणवेशातील मुले-मुली वरचेवर दिसू लागली आहेत. कोणाचा घोटा सुजलेला असतो, कोणाच्या मनगटाला रुमाल बांधलेला असतो, कोणी कंबर धरून बाकावर बसलेले असते. माझ्या बोलण्यातील वैद्यकीय तपशील मी आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांकडून आणि क्ष-किरणतज्ज्ञांकडून तपासून घेतला आहे; मते मात्र माझी आहेत.

रुग्णालयाने खेळाडूंचा सत्कार कशासाठी करावा, असा प्रश्न काही हितचिंतकांनी विचारला. तो रास्त आहे. शाळा सत्कार करतात, क्रीडामंडळे करतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रेही येतात. मग आपण आणखी एक शाल आणि श्रीफळ का द्यावे? याचे उत्तर असे, की पदक जिंकलेले मूल समाजाला व्यासपीठावर दिसते, आणि तेच मूल आम्हाला तपासणीच्या टेबलावर दिसते. पदकासाठी त्या कोवळ्या शरीराने काय मोजले, हे ज्या संस्थेला ठाऊक आहे, तिने गौरवाची एक वेगळी कसोटी समाजापुढे ठेवावी, एवढाच या उपक्रमाचा हेतू आहे. त्या कसोटीकडे मी शेवटी येईन. आरंभी हाडांच्या तपासण्यांविषयी काही सांगणे अगत्याचे वाटते, कारण पालकांचे अज्ञान आणि भीती या दोहोंची किंमत शेवटी मुलालाच द्यावी लागते.

दिनांक ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन या प्राध्यापकांना एका अज्ञात किरणाचा शोध लागला. अज्ञात म्हणून त्यांनी त्याला 'एक्स' हे नाव दिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट दिसत होती. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. माझ्यासारख्या हिशेबनिसाला यातील दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. राँटगेन यांनी या शोधाचे एकस्व घेतले नाही आणि पारितोषिकाची रक्कम आपल्या विद्यापीठाला देऊन टाकली. आज खेड्यातल्या लहानशा दवाखान्यातही एक्स-रे निघू शकतो, त्यामागे ही उदारता आहे. धर्मादाय संस्थांच्या देणगीदारांनी हा पूर्वज आपला मानावा.

एक्स-रे ही आजही अस्थिरोगातील पहिली आणि सर्वांत स्वस्त तपासणी आहे. हाड मोडले का, सांधा निखळला का, हे ती बहुतेक वेळा काही मिनिटांत सांगते. हातापायाच्या एक्स-रेमध्ये किरणांची मात्रा अत्यल्प, म्हणजे सुमारे ०.००१ मिलिसिव्हर्ट असते. निसर्गात सर्वत्र असलेल्या किरणोत्सर्गातून माणसाला जगभराच्या सरासरीने वर्षाकाठी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळतच असते. म्हणजे घोट्याच्या एका एक्स-रेची मात्रा ही आपण काही तासांत निसर्गाकडून घेतो तेवढीच. म्हणून 'फोटो काढला तर मुलाच्या वाढीवर परिणाम होईल' या भीतीने आवश्यक एक्स-रे टाळणे योग्य नव्हे.

परंतु एक्स-रेची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. हिशेबात आम्ही तेरीज मांडतो. जमा आणि नावे या दोन्ही बाजूंची बेरीज जुळली, तरी हिशेबात चूक नाहीच असे सिद्ध होत नाही. एखादी नोंद दोन्हीकडून राहून गेलेली असू शकते. एक्स-रेचे तसेच आहे. 'फोटोत काही नाही' याचा अर्थ 'काही झालेले नाही' असा सरसकट घेता येत नाही. मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही.

याचे कारण मुलांच्या हाडांच्या रचनेत आहे. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक मऊ पट्टी असते. तिला वाढीची पट्टी म्हणतात. हाडाची लांबी तेथेच वाढते. मुलींमध्ये साधारणपणे चौदा-पंधराव्या आणि मुलांमध्ये सोळा-सतराव्या वर्षाच्या सुमारास तिचे हाडात रूपांतर होते. तोपर्यंत ही पट्टी आसपासच्या अस्थिबंधांपेक्षाही नाजूक असते. ज्या झटक्याने मोठ्या माणसाचा घोटा नुसता मुरगळेल, त्याच झटक्याने तेरा वर्षांच्या मुलाची वाढीची पट्टी दुखावू शकते. कूर्चा एक्स-रेमध्ये दिसत नाही. तेथे नुसती काळी रेघ दिसते. त्यामुळे कधी निरोगी पट्टी मोडल्यासारखी भासते, तर कधी दुखावलेली पट्टी निरोगी भासते. टोरांटो येथील सॉल्टर आणि हॅरिस या दोन शल्यचिकित्सकांनी १९६३ साली अशा दुखापतींचे पाच प्रकार मांडले, आणि आजही तेच वर्गीकरण प्रचलित आहे. त्यांतील पहिल्या प्रकारात एक्स-रे अनेकदा निर्दोष दिसतो. अशा वेळी डॉक्टर दुसऱ्या, न दुखणाऱ्या बाजूचा एक्स-रे तुलनेसाठी काढायला सांगतात, किंवा प्लास्टर घालून दहा-बारा दिवसांनी पुन्हा फोटो घ्यायला सांगतात. 'एक हात दुखतो, तर दोन्हींचे पैसे का घेता?' असा वाद आमच्या खिडकीवर अधूनमधून होतो. त्याचे उत्तर या वाढीच्या पट्टीत आहे. तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर हाड वाकडे वाढण्याचा किंवा आखूड राहण्याचा धोका असतो, आणि तो आयुष्यभर सोबत राहतो.

खेळाडूंच्या बाबतीत दुसरा एक प्रकार महत्त्वाचा आहे. एकाच घावाने हाड मोडावे असे काही घडलेले नसते; पण रोजच्या धावण्याने, उड्यांनी, गोलंदाजीने हाड थकते आणि त्याला बारीक चीर पडते. यंत्रावर आम्ही दरवर्षी घसारा आकारतो. शरीराचा घसारा मात्र विश्रांतीत भरून निघतो. विश्रांतीच मिळाली नाही, तर हाडाची झीज दुरुस्तीला मागे टाकते. धावपटूंच्या नडगीत आणि पावलात, तसेच वेगवान गोलंदाजांच्या कंबरेच्या मणक्यात अशा चिरा आढळतात. उजव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्या मुलाच्या मणक्यात ती बहुधा डाव्या बाजूला असते. या चिरा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाहीत. त्या एमआरआयमध्ये दिसतात. 'फोटो चांगला आला, उद्यापासून सरावाला ये' असे सांगणाऱ्या प्रशिक्षकांना माझी नम्र विनंती आहे, की वेदना कायम असेल तर फोटोपेक्षा मुलाच्या शब्दावर अधिक विश्वास ठेवावा.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो. चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातील पाण्याच्या अणूंकडून संकेत मिळवून चित्र तयार केले जाते. या कार्यासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कबड्डी, फुटबॉल, खो-खो यांसारख्या खेळांत गुडघा पिळवटून आतील अस्थिबंध तुटला का, गुडघ्यातील गादी फाटली का, हे एमआरआय उत्तम दाखवतो. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे सुपुत्र आणि २०२३ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकणारे अविनाश साबळे यांनाही जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील शर्यतीत गुडघ्याला अशीच दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. ज्या दुखापतीने एवढ्या तयारीच्या खेळाडूला थांबवले, ती शाळकरी मुलीने दातओठ खाऊन सहन करावी, अशी अपेक्षा कोणीही करू नये. या शस्त्रक्रियेनंतर मैदानात परतण्यासाठी किमान नऊ महिने थांबण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. नऊ महिने म्हणजे एक संपूर्ण क्रीडाहंगाम. तो वाया गेला असे मानू नये. त्या गुंतवणुकीवर पुढची सारी वर्षे उभी राहतात.

एमआरआयच्या खोलीत जाण्यापूर्वी अंगावरील सर्व धातू काढावा लागतो. करदोटा, पैंजण, केसांच्या पिना, सेफ्टी पिन, खिशातील नाणी, यांपैकी काहीही आत चालत नाही. शरीरात पूर्वी बसवलेली पट्टी, स्क्रू किंवा अन्य उपकरण असल्यास ते आधी सांगणे अत्यावश्यक आहे. यंत्राचा आवाज मोठा असतो आणि अर्धा-पाऊण तास स्तब्ध पडून राहावे लागते. लहान मुले घाबरतात. तेव्हा तंत्रज्ञांनी त्याच तपासणीअंती आई किंवा वडील यांपैकी एकाला सोबत बसू द्यावे, अशी सूचना आपल्या विभागाला देण्यात आली आहे.

सीटी स्कॅनचा जन्म १९७१ साली लंडनमध्ये झाला आणि त्याबद्दल हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना १९७९ साली नोबेल मिळाले. हाडाचे तुकडे नेमके कसे सरकले आहेत, हे सांध्याजवळच्या गुंतागुंतीच्या मोडीत सीटी स्कॅन उत्तम दाखवतो. मात्र त्यात किरणांची मात्रा अधिक असते. मणक्याच्या सीटी स्कॅनला दोन-तीन वर्षांच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाइतकी मात्रा लागू शकते. वाढत्या मुलांसाठी तो विचारपूर्वकच करावा, असे आमचे तज्ज्ञ आग्रहाने सांगतात. सोनोग्राफी स्नायू आणि स्नायूरज्जू यांच्या दुखापतींत उपयोगी पडते. ती किरणरहित आहे आणि तुलनेने स्वस्त आहे. सोनोग्राफीचे यंत्र खांद्यासाठी वापरायचे असले, तरी १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली त्याची नोंदणी करावीच लागते, आणि त्या नोंदी ठेवण्यात आपल्या रुग्णालयाने कधीही हयगय केलेली नाही, हे येथे नमूद करतो.

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. तपासणी आवश्यक असताना न करणे हा जसा दोष आहे, तसाच आवश्यक नसताना करणे हाही दोष आहे. घोटा मुरगळलेल्या प्रत्येकाला एक्स-रे लागत नाही. कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली यासाठी एक साधा नियम सिद्ध करण्यात आला. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड आणि टोक दाबल्यावर दुखत नसेल, आणि रुग्ण दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकू शकत असेल, तर घोट्याचे हाड मोडलेले असण्याची शक्यता फारच कमी असते. हा निर्णय अर्थातच डॉक्टरांनी हाताने तपासून घ्यायचा आहे. तसेच बारा-तेरा वर्षांच्या धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलांच्या गुडघ्याखालचा उंचवटा दुखतो. १९०३ साली बोस्टनचे ऑस्गुड आणि झुरिकचे श्लॅटर यांनी स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. त्याचे निदान बहुधा नुसत्या तपासणीने होते, आणि त्याला विश्रांती व व्यायाम पुरतो. तेथे हजारो रुपयांच्या एमआरआयचे काम नाही.

शिवाय एमआरआय कधी कधी गरजेपेक्षा अधिक दाखवतो. कंबर मुळीच दुखत नसलेल्या तरुणांच्या एमआरआयमध्येही मणक्यांतील चकतीची थोडीफार झीज दिसणे असामान्य नाही. अहवालातील तो शब्द वाचून आई-वडील हवालदिल होतात आणि मुलाचे खेळणे कायमचे बंद करतात. अहवाल रुग्णासमोर ठेवून, त्याला तपासून, मगच वाचायचा असतो.

या संदर्भात विश्वस्तांच्या वतीने एक गोष्ट स्पष्ट करतो. एमआरआय यंत्राचे चुंबक द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावे लागते. रात्री एकही रुग्ण नसला तरी चुंबक आणि शीतकरण यंत्रणा चालूच असते. विजेचे देयक येते, देखभालीचा करार चालू राहतो. हिशेबाच्या भाषेत हा स्थिर खर्च आहे, आणि स्थिर खर्च वसूल करण्यासाठी यंत्र सतत भरलेले असावे असा मोह कोणत्याही व्यवस्थापनाला होणे स्वाभाविक आहे. त्यातूनच रुग्ण पाठवणाऱ्याला टक्केवारी देण्याची अनिष्ट प्रथा आपल्या वैद्यकीय व्यवसायात शिरली. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने ती निषिद्ध ठरवली आहे. आपले रुग्णालय तपासणीसाठी रुग्ण पाठवल्याबद्दल कोणालाही, कोणत्याही नावाखाली रक्कम देत नाही. यामुळे आपल्याकडे येणारे काही रुग्ण कमी होतात, हे मला माझ्या वह्यांवरून दिसते. परंतु अनावश्यक तपासणीतून मिळालेले उत्पन्न जमेच्या बाजूला लिहिता आले, तरी विश्वासाच्या खात्यावर ते नावेच पडते. ही तूट देणगीदार भरून काढतात. देणगीचा खरा विनियोग कोठे होतो असे मला विचारले, तर मी यंत्रावरच्या नामफलकाआधी या न केलेल्या तपासण्यांकडे बोट दाखवीन.

मात्र काही लक्षणे अशी आहेत, की तेथे एक दिवसही दवडू नये. खेळ थांबवूनही दोन-तीन आठवडे न थांबणारी वेदना, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, हळूहळू वाढणारी सूज, सोबत ताप किंवा वजन घटणे. विशेषतः गुडघ्याच्या आसपास. हाडाचा कर्करोग हा आजार सुदैवाने विरळा आहे, पण तो किशोरवयात आणि गुडघ्याजवळच अधिक आढळतो. 'खेळताना लागले असेल' या समजुतीने तेल चोळण्यात, चोळून घेण्यात महिने जातात. अशा वेळी एक साधा एक्स-रे पुढचा मार्ग दाखवू शकतो. पालकांनी आजच्या भाषणातील दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल. एवढे मात्र कृपा करून लक्षात ठेवावे.

खेळाडूंच्या हाडांची आणखी एक तपासणी आहे, जी उपचारासाठी नसते. वय ठरवण्यासाठी मनगटाचे चित्र घेतले जाते. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ लहान वयोगटांच्या स्पर्धांसाठी डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढण्याची पद्धत वापरत आले आहे; जागतिक फुटबॉल महासंघाने २००९ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाचा एमआरआय स्वीकारला. वय लपवण्याच्या प्रकारांना त्यामुळे काहीसा आळा बसला. परंतु हाडांचे वय म्हणजे जन्मदाखला नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच नमूद केले आहे, की अशा तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांचे अंतर पडू शकते. २०१५ च्या बालन्याय अधिनियमातही आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला, मग नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि ही कागदपत्रे नसतील तरच वैद्यकीय तपासणी, असा क्रम घालून दिलेला आहे. लवकर वाढ होणाऱ्या प्रामाणिक मुलावर अन्याय होऊ नये आणि खोटा दाखला देणाऱ्याला प्रोत्साहनही मिळू नये. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, की जन्मतारखेच्या नोंदीला त्यांनी खजिन्याच्या किल्लीइतकेच जपावे. एका मुलाचे वय दोन वर्षांनी कमी झाले, की खऱ्या वयाच्या दुसऱ्या एका मुलाची जागा नाहीशी होते.

आता खर्चाचा प्रश्न. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात, आणि एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. आपण ते काटेकोरपणे करतो. परंतु ही व्यवस्था खाटेभोवती गुंफलेली आहे. गुडघा दुखावलेली कबड्डीपटू मुलगी खाटेवर दाखल होत नाही. ती लंगडत येते आणि लंगडतच परत जाते. तिचे वडील उत्पन्नाच्या दाखल्यावर निर्धन ठरत नाहीत, आणि एमआरआयचे पैसे एकरकमी भरण्याइतकी त्यांची ऐपतही नसते. 'पुढच्या महिन्यात बघू' असे सांगून ते फाइल काखोटीला मारतात. हा पुढचा महिना अनेकदा येतच नाही. मधल्या काळात मुलगी निवड चाचणीत उतरते, आणि अर्धवट तुटलेले पूर्ण तुटते.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी एक प्रस्ताव ठेवत आहे. इयत्ता आठवी ते बारावीच्या विद्यार्थी-खेळाडूंच्या आवश्यक अस्थितपासण्यांसाठी एक स्वतंत्र निधी असावा. त्याचे नियम तीनच असावेत. तपासणीची गरज आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी मुलाला हाताने तपासून लेखी नमूद करावी. लाभार्थीचे नाव कोठेही प्रसिद्ध करू नये, वार्षिक अहवालातही नाही. आणि शिल्लक रक्कम यंत्रखरेदीकडे न वळवता त्याच निधीत पुढे ओढावी. निधीचा हिशेब सनदी लेखापालांच्या तपासणीसह दरवर्षी याच व्यासपीठावरून वाचला जाईल, याची हमी मी देतो.

आता मी आरंभी सांगितलेल्या कसोटीकडे येतो. सर्वांगीण विद्यार्थी-खेळाडूंचा गौरव ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९९४ साली वेंडीज या उपाहारगृहांच्या संस्थापकांनी माध्यमिक शाळांतील खेळाडूंसाठी असा पुरस्कार सुरू केला. त्यात अभ्यास, खेळ आणि समाजसेवा या तिन्ही अंगांचा विचार होत असे. विशेष म्हणजे डेव्ह थॉमस या गृहस्थांचे स्वतःचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते, आणि त्यांनी ती समकक्ष परीक्षा साठीनंतर, १९९३ साली दिली होती. आपणही ही तीन अंगे स्वीकारली आहेत. त्यांना चौथे जोडले आहे, आणि ते रुग्णालयानेच जोडावे असे आहे : आपल्या शरीराविषयीचा प्रामाणिकपणा.

हे चौथे अंग का? कारण गौरव जर केवळ पदकांच्या संख्येवर ठरला, तर गौरव करणारे आपण सर्वजण त्या मुलाला नकळत एकच शिकवण देतो, ती म्हणजे वेदना लपव. निवड चाचणीच्या आदल्या दिवशी वेदनाशामक गोळी घेऊन मैदानात उतरणाऱ्या मुलाला आपण जिद्दी म्हणतो. त्याच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे. पण त्या जिद्दीची थकबाकी पुढे तिशीत गुडघ्याकडून व्याजासह वसूल होते, हेही मला आमच्या बाह्यरुग्ण विभागात दिसते. म्हणून आपल्या निवडपत्रिकेत एक प्रश्न आहे : 'दुखापत झाली तेव्हा विद्यार्थ्याने ती केव्हा आणि कोणाला सांगितली?' दुखापत सांगून स्पर्धेला मुकलेल्या मुलाचे गुण आपण कमी करत नाही, वाढवतो. तसेच शिफारस केवळ क्रीडाशिक्षकांची नव्हे, तर वर्गशिक्षकांची आणि संघातील एका राखीव खेळाडूचीही घेतली जाते. बाकावर बसलेल्या सोबत्याशी मूल कसे वागते, यावरून त्याच्या मोठेपणाचा जो अंदाज येतो, तो चषकांच्या रांगेवरून येत नाही.

क्रीडाक्षेत्राला दात्यांनी दिलेल्या आधाराचे महाराष्ट्रातील थोर उदाहरण आपणा सर्वांना ठाऊक आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीचे कांस्यपदक जिंकले आणि ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ताळेबंदाच्या दृष्टीने हा व्यवहार धाडसाचाच म्हणावा लागेल. पण त्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यावर जो विश्वास टाकला, त्याचे मोल पुढल्या पिढ्यांच्या खात्यावर अजून जमा होत आहे. येथे बसलेल्या देणगीदारांपैकी कोणालाही घर गहाण ठेवावे लागणार नाही. एका मुलाची एक तपासणी, योग्य वेळी, एवढीच आपली मागणी आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आज तुम्हाला जे मानचिन्ह मिळेल ते घरी कपाटात ठेवा. त्यासोबत दिलेली छोटी वही मात्र दप्तरात ठेवा. त्यात आपली उंची, वजन, सरावाचे तास आणि दुखणे यांची नोंद दर आठवड्याला करा. दवाखान्यात जाताना ती वही आणि जुने एक्स-रे सोबत न्या. म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही. नोंद ठेवणारा माणूस सहसा फसत नाही, हा माझ्या व्यवसायाचा अनुभव आहे, आणि तो शरीरालाही लागू आहे.

पालकांनो, मूल खेळून घरी आल्यावर 'जिंकलास का?' हा प्रश्न अवश्य विचारा. त्यानंतर 'काही दुखतंय का?' हेही विचारा, आणि उत्तर 'नाही' आले तरी त्याच्या चालण्याकडे क्षणभर पाहा.

आजच्या सत्कारमूर्तींचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यांना घडवणाऱ्या शिक्षकांना व पालकांना वंदन करतो. या संस्थेचा संसार ज्यांच्या औदार्यावर चालला आहे त्या देणगीदारांचे आणि मार्गदर्शन करणाऱ्या विश्वस्त मंडळाचे आभार मानून, निधीविषयीचा प्रस्ताव मंडळाच्या विचारार्थ सादर करतो आणि माझे भाषण संपवतो.